उघडं लोखंड

"घासाई मी नही करस. मनी बायको करस. तिनीच कच्ची सोडी व्हई."

दोंडाईच्याच्या स्टेशन रोडवर आमच्या शेडसमोर भुराची चहाची टपरी आहे. तिथे उभं राहून, आठ-दहा माणसांच्या देखत, तोताराम हे बोलला. तोताराम माझा नवरा. नवऱ्याचं नाव बाईनं तोंडावर आणू नये म्हणतात, आणि बावीस वर्षं मी ते आणलं नव्हतं. त्या दिवसापासून आणायला लागले. ज्याला ऐकवत नसेल त्यानं कानात बोळे घालावेत.

टपरीपुढे धनसिंग गिराशांचा ट्रॅक्टर उभा होता. जुना विकत घेऊन इंजिनापासून टायरपर्यंत नवा केलेला. रंग आमचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारलेला, म्हणजे पुरते चार महिनेही झाले नव्हते, आणि दोन्ही मडगार्डांवरचा रंग भाजलेल्या पापडासारखा फुगून सुटला होता. धनसिंगभाऊंच्या हातात तळहाताएवढा पोपडा होता. तो पोपडा ते एकेकाच्या नाकासमोर नेत होते आणि विचारत होते, की हेच का ते तुमचं नामी काम.

मी शेडच्या दारात उभी होते. हातात पॉलिश पेपर, कोपरापर्यंत गंजाची लाल धूळ. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंडातून शब्द फुटला नाही. का फुटला नाही ते सांगते. एक क्षण मलाच वाटलं, राहिली असेल. घासता घासता एखाद्या जागी हात हलका पडला असेल. बावीस वर्षं हेच काम केलं आणि एका वाक्यासरशी मी स्वतःवर संशय घेतला. तोतारामचा राग मला आहेच, पण त्या क्षणाचा राग त्याहून मोठा आहे.

घासाई म्हणजे काय ते आधी ऐका, कारण लोकांना रंग दिसतो, रंगाखालचं कुणाला दिसत नाही.

जुना ट्रॅक्टर शेडमध्ये आला की तोताराम त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारतो, मालकाशी लाल किती लाल हवा त्याच्या गप्पा करतो, चहा पितो. मग गाडी माझी. आधी घासलेटनं ग्रीस आणि ऑइल काढायचं. मग घासलेटचाच ओशटपणा काढायला धुण्याच्या सोड्याचं कढत पाणी. घासलेटनं पुसलं की झालं, असं समजणारे पेंटर पुष्कळ आहेत. त्यांचे रंग पहिल्याच उन्हाळ्यात उठतात आणि मग ते दुकानदाराच्या नावानं बोंबलतात की डबा खोटा निघाला. मडगार्डच्या सांध्यांत युरियाच्या गोण्या ठेवून ठेवून खार बसलेला असतो, तो साध्या पाण्यानं तीनदा, चारदा धुवायचा. धुतल्यावर मी लोखंडाला जीभ लावून बघते. खारट लागलं तर परत धुवायचं. लोक हसतात. हसू देत. खारट लोखंडावर कसलाही रंग मारा, खार आत बसून त्याला फोड आणतो.

मग पत्रीनं खरवडायचं, तारेचा ब्रश मारायचा, मग पॉलिश पेपर, आधी जाड, मग बारीक, लोखंड करडं-पांढरं दिसेपर्यंत. शेवटी दोन फडकी. एक थिनरमध्ये भिजवलेलं, एक कोरडं. ओल्यानं पुसायचं आणि थिनर उडायच्या आत कोरड्यानं टिपायचं, नाहीतर जी घाण वर आली ती तिथेच वाळते. त्यानंतर त्या उघड्या लोखंडाला हात लावायचा नाही. माझा नाही, मालकाचा नाही, देवाचाही नाही. हाताचा घामसुद्धा पुरतो. लगेच प्रायमर मारायचा.

या कामात माझ्या बोटांच्या रेषा गेल्या. रेशनच्या ऑफिसात अंगठा लावायला गेले तर कागदावर नुसता निळा डाग उमटला. कारकून म्हणाला, बाई, नीट लाव. तीनदा लावला, तीनदा डाग. शेवटी तो खेकसला, की तुझा अंगठाच खोटा आहे. मी घरी आले.

आणि गाडी तयार झाली की डाव्या मडगार्डच्या मागच्या बाजूला तोताराम बारीक ब्रशनं लिहितो: तोताराम पेंटर, दोंडाईचा. खाली एक गुलाबाचं फूल. बाजाराच्या गावी गाडी उभी राहिली की लोक ते वाचतात आणि आमच्याकडे येतात. मला लिहिता येत नाही, आणि माझं नाव टाका असं मी कधी म्हटलंही नाही. पण मग जे नाव माझं नव्हतंच, त्याला डाग लागल्यावर तेवढा डाग माझा कसा झाला, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

धनसिंगभाऊ तणतणत निघून गेले. कापूस वेचून झाला की काम परत करून द्यायचं ठरलं. त्या दिवशी जेवताना मी विचारलं, असं का बोलला. त्यानं भाकरीवरून मान वर केली नाही. म्हणाला, "बाईनी चूक लोके इसरी जातंस, पेंटरनी नही इसरतंस." म्हणजे रागाच्या भरात तोंडातून निसटलेलं वाक्य नव्हतं ते. विचार करून उच्चारलेलं होतं. मी पुढ्यातलं ताट सरकवलं आणि उठले.

दुसऱ्या दिवशी त्यानं भिकनला आणला. भिकनकडे विजेवर फिरणारं घासायचं मशीन होतं. मशीन सपाट पत्र्यावर बरं चालतं, सांध्यात शिरत नाही, आणि एका जागी जरा जास्त धरलं तर पत्रा तापवून निळा करतं. पण ते आवाज करतं, ठिणग्या पाडतं, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं काम होतंय. मला सांगण्यात आलं, की तू काही दिवस घरातच बस, लोकांना विसरू दे. पंधरा दिवस मी तीन माणसांचा स्वयंपाक केला. भिकनसुद्धा आमच्याकडेच जेवायचा, आणि वर म्हणायचा वहिनी, भाकरी पातळ करत जा.

लोक विसरले म्हणता? शहाद्याकडचा एक माणूस गाडी दाखवायला आला. शेडच्या दारातच विचारलं, "आते घासाई कोन करस? बाई करत व्हई ते ऱ्हाऊ द्या." मी भिंतीपलीकडे चुलीशी होते. सगळं ऐकू आलं. तोताराम म्हणाला, नाही नाही, आता मशीन आहे. नळावर पाणी भरायला गेले तर बाया मला आधी हंडा लावू द्यायला लागल्या. आजारी माणसाला देतात तशी वाट. त्या वाटेनं मला जेवढं जाळलं तेवढं शिव्यांनी जाळलं नसतं.

मला एकच हवं होतं. भुराच्या टपरीवर, त्याच माणसांसमोर, त्याच तोंडानं तोतारामनं म्हणावं, की घासाई पक्की होती. बस. बाकी मला कुणाकडून काही नको होतं. पण ती पक्की होती हे आधी मला स्वतःला कळायला हवं होतं ना.

कळलं ते एका माशीमुळे. भिकनच्या भाकरीला तूप लावत होते, तर एक माशी येऊन माझ्या तुपाच्या बोटावर बसली. झटकली, परत बसली. आणि मला पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ आठवली.

ते काम आमच्या शेडमध्ये नव्हतं झालं. इंजिन धनसिंगभाऊंच्या गावातच उघडलेलं होतं म्हणून कॉम्प्रेसर घेऊन आम्हीच त्यांच्या गावी गेलो होतो. ट्रॅक्टर बैलांच्या गोठ्यात उभा होता. गोठा रिकामाच होता, कारण ट्रॅक्टर घेण्यापायी धनसिंगभाऊंनी अखजीलाच, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच, बैलजोडी विकली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी माझी घासाई संपली. थिनरनं पुसून मी मोकळी झाले. पण झडी लागली होती, हवा ओलीचिंब. अशा हवेत मारलेला प्रायमर पांढुरका पडतो, म्हणून तोताराम म्हणाला उद्याचा दिवस राहू दे. ते बरोबर होतं, त्यात मी त्याला दोष देत नाही. वर ताडपत्री टाकली आणि आम्ही सणाला दोंडाईच्याला परत आलो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. गावात जाऊन ताडपत्री ओढली. बॉनेटवर कोवळा गंज आला होता, तो मी पेपरनं काढून टाकला. मडगार्ड मात्र लख्ख होते. पावसाळ्यात दोन रात्री उघडं राहिलेलं लोखंड लख्ख कसं राहील, हे त्या वेळी डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. वाटलं, बरं झालं, काम वाचलं. पण त्या लख्ख मडगार्डांवर माशा बसल्या होत्या. उठवल्या तर फिरून तिथेच. घासलेल्या लोखंडावर माशीचं काय काम?

मी तोतारामला म्हटलं, परत एकदा थिनर फिरवते. तो रंग फवारायची गन जोडत होता. म्हणाला, परवा पुसलंस ना? थिनर गनपुरतंच उरलंय, आणि किती दिवसांनी ऊन आलंय, आता सोवळं-ओवळं करत बसू नकोस. मी परत म्हटलं, माशा आहेत. तो म्हणाला, गोठा आहे, माशा नाहीतर काय मोर येतील? धनसिंगभाऊंचा गडी हसला. मी फडकं खाली ठेवलं आणि बाजूला झाले.

हे सगळं चुलीपुढे बसून आठवलं. तव्यावरची भाकरी जळाली. भिकनला तीच वाढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गिराशांच्या गावी गेले. तोतारामला सांगितलं नाही. कशाला सांगू?

धनसिंगभाऊ मळ्यात गेले होते. गोठ्याच्या तोंडाशी बाजेवर त्यांचे वडील बसले होते, उखर्डू नाना. ऐंशीच्या घरातला माणूस, डोक्याला पांढरा रुमाल, हात मात्र अजून औतकऱ्याचे. मी म्हटलं, मी पेंटरची बायको, गाडी बघायला आले. ते म्हणाले, देख माय.

मडगार्डवरचा एक पोपडा मी नखानं उचलला. अलगद आला. उलटा करून पाहिला तर पाठीला प्रायमर सगळाच्या सगळा चिकटून आलेला. म्हणजे रंगानं प्रायमर सोडला नव्हता, प्रायमरनंच लोखंड धरलं नव्हतं. मग खालचं लोखंड पाहिलं. गंजाचा एक ठिपका नाही. घासाई कच्ची राहते तेव्हा पोपड्याखाली गंज सापडतो, भुकटी सापडते. इथे माझ्या पॉलिश पेपरच्या रेघा होत्या तशा होत्या, एकसारख्या, सांध्यापर्यंत गेलेल्या. बावीस वर्षांत माझं काम रंगाखालून परत वर आलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं. रागाचंच होतं ते, दुसरं काही समजू नका.

त्या रेघांमध्ये काहीतरी पिवळं बसलं होतं. नखाला ओशट लागलं. जीभ लावली. खवट तूप, आणि हळद.

आणि रंग सुटला होता तो कसाही नाही. पट्ट्यापट्ट्यांनी, पुढून मागे, चार बोटं रुंद. जसा जनावराच्या अंगावरून हात फिरवतात तसा. मला पुढचं कुणी सांगायची गरज उरली नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळण करतात, वर्षभर जू वाहिलेले खांदे तूप-हळदीनं चोळतात. माझ्या माहेरीही करायचे.

मी पोपडा घेऊन बाजेपुढे उभी राहिले. अंगाची लाही लाही होत होती. कुणाचं तरी डोकं फोडावं अशी तयारी होती.

"नाना, आठे तूप कोनी लावं?"

त्यांनी पोपड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी," म्हणाले.

मग हळूहळू सांगितलं. साठ वर्षांत पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांचा हात कोरडा राहिला नव्हता. त्या संध्याकाळी सगळ्या गावात खांदे चोळणं चाललं होतं आणि यांच्या गोठ्यात ताडपत्री. हौशा आणि मोरा, दोन्ही बैल, विकले गेलेले. वाटीत तूप-हळद कालवून ते गोठ्यात आले, ताडपत्री वर केली आणि दोन्ही बाजूंना चोळलं. बैलांना देतात तसं उद्याच्या जेवणाचं आवतणही दिलं. सकाळी मुलगा हसेल म्हणून पहाटेच आपल्या रुमालानं सगळं पुसून काढलं. त्यांना वाटलं, पुसलं म्हणजे गेलं.

एवढ्यात धनसिंगभाऊ मळ्यातून आले. त्यांनी शेवटचं ऐकलं होतं. आधी हसले, मग बापावर ओरडले. म्हणाले, "काय नाना, लोखंडले कोठे खांदा ऱ्हास?"

"नांगर वढस ना तो?" नाना म्हणाले. "मंग खांदा शेच."

मला मात्र राग आवरेना. मी नानांना फडाफडा बोलले. तुम्ही एक शब्द सांगितला असता तर मी पुसून घेतलं असतं, माझ्या हातचं काम बदनाम झालं नसतं, नळावर बाया मला वाट देतात, घरात माझ्या जागेवर दुसरा माणूस बसलाय. म्हाताऱ्या माणसाला असं बोलू नये, कळतं मला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला माहीत नव्हतं, असं म्हणाले नाहीत. म्हातारा झालो, असंही म्हणाले नाहीत. "चुकनं," म्हणाले. आणि मग विचारलं, तुझ्या नवऱ्यानं हे कुठे म्हटलं होतं.

मी म्हटलं, भुराच्या टपरीवर.

ते उठले. रुमाल सोडून परत नीट बांधला. धनसिंगभाऊंना म्हणाले, गाडी काढ. धनसिंगभाऊ म्हणाले, उद्या बघू, आज पाणी भरायचंय. नाना ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढून बसले ते उतरेचनात. शेवटी धनसिंगभाऊंनी गाडी सुरू केली. एका मडगार्डवर नाना आणि दुसऱ्यावर मी, असे आम्ही दोंडाईच्याला आलो. नाना रस्ताभर रंग गेलेल्या जागेवर हात ठेवून बसले होते.

बाजाराचा दिवस होता. टपरीवर त्या दिवसापेक्षा जास्तच माणसं होती. तोताराम बाकावर चहा पीत होता, भिकन शेजारी. मला ट्रॅक्टरवरून उतरताना पाहून त्यानं कप खाली ठेवला. नानांना धनसिंगभाऊंनी हात देऊन उतरवलं. ते बसले नाहीत. उभे राहून बोलले.

"तूप मी लावं. पोयाना आदले दिन. घरमा बैल नही व्हतात, मंग खांदा कोना चोयाना? ह्या बाईनी घासाईमा खोट नही. मी देखी शे."

टपरीवर कुणी हसलं नाही. एक-दोघांनी तर माना हलवल्या, कारण त्यांच्याही गोठ्यांत त्या वर्षी तीच गत होती. भुरानं न सांगता नानांच्या हातात चहा दिला. मी तोतारामकडे बघत होते. आता तो बोलेल. ऐंशी वर्षांचा माणूस पाच कोस खडखडत येऊन आपली चूक आपल्या तोंडानं सांगतो, तर आता तरी हा बोलेल.

तोताराम बोलला. टपरीवरच्या लोकांकडे वळून म्हणाला, "देखा, आमनं काहीच चुकनं नही. नानानंच चुकनं."

माझं डोकं असं भणभणलं की काय सांगू. पंधरा दिवसांपूर्वी खापर माझ्या डोक्यावर फोडलं, आज ते उचलून म्हाताऱ्याच्या डोक्यावर फोडलं. आणि आता घासाई आमची. नाना चहाच्या कपात बघत होते. त्यांना बिचाऱ्यांना माशांचं काय माहीत, थिनरचं काय माहीत?

मी टपरीच्या पुढे आले. आवाज चढवला नाही. चढवायची गरजच नव्हती, सगळे ऐकतच होते.

"माश्या बसेल व्हत्यात. मी थिनर मांगं. तुम्ही नही दिन्हं. तेवढं सांगी द्या, मंग मी घरमा जास."

तोताराम माझ्याकडे बघेना. भिकनकडे बघितलं, भुराच्या स्टोव्हकडे बघितलं, रस्त्यावर एक टांगा चालला होता त्याच्याकडे बघितलं. धनसिंगभाऊंनी विचारलं, पेंटर, खरं का हे? तो म्हणाला, इतकं कुणाला आठवतं. बस, एवढंच. इतकं कुणाला आठवतं.

एक वाक्य होतं हो. नानांना ते बोलायला जेवढा वेळ लागला तेवढाही लागला नसता.

मग मीच बोलले. धनसिंगभाऊंना सांगितलं, गाडी आजच शेडमध्ये लावा, घासाई मी करणार, मशीन तिला लागणार नाही. आणि तोतारामला सांगितलं, ते वाक्य जोवर इथे, या जागेवर उभं राहून तुम्ही म्हणत नाही, तोवर या गाडीवर नाव टाकायचं नाही. तो हसल्यासारखं करून म्हणाला, आणि टाकलं तर? मी म्हटलं, तर माझ्याकडे पॉलिश पेपर आहे.

या वेळी लोक हसले, आणि माझ्यावर हसले नाहीत.

चार दिवस काम केलं. दोन्ही मडगार्ड पार लोखंडापर्यंत नेले. रेघांत मुरलेल्या तुपाला नुसतं थिनर पुरत नाही, म्हणून आधी सोड्याचं कढत पाणी, दोनदा, मग पेपर, मग दोन फडकी. फडकं पिवळं यायचं थांबेपर्यंत पुसलं, आणि थांबल्यावर आणखी एकदा. नाना चारही दिवस एसटीनं यायचे आणि शेडच्या दारात, उंबऱ्याच्या बाहेर बसायचे. आत पाय टाकला नाही. हात मांडीखाली घालून बसायचे. एकदा मी म्हटलं, नाना, या ना आत. ते म्हणाले, नको माय, हात लागी जाई.

शेवटी मी त्यांना समजावलं. उघड्या लोखंडाला लावायचं नाही, एवढंच. एकदा रंग बसून वाळला, महिना गेला, की मग खुशाल चोळा. तूप लावा, हळद लावा, पाहिजे तेवढं लावा, वरून रंगाला काही होत नाही. ते दोनदा विचारून खात्री करून घेत होते. खरंच ना? खरंच, नाना.

प्रायमरच्या दिवशी तोताराम गन घेऊन उभा राहिला. मी कोरडं फडकं फिरवत होते. तो थांबला. मी सांध्यांतून फडकं काढलं, मागे सरले, मान हलवली, मग त्यानं घोडा दाबला. तेव्हापासून तसंच चालतं. थिनरचा डबा माझ्या ताब्यात असतो आणि मी मान हलवल्याशिवाय गन चालत नाही. भिकन आठवडाभरात मशीन घेऊन गेला. तोतारामनं त्याला जा म्हटलं की तो आपणच गेला, मी विचारलं नाही.

रंग झाला. लाल, काचेसारखा. तोतारामनं बारीक ब्रश काढला, डाव्या मडगार्डच्या मागे जाऊन उकिडवा बसला. मी शेडच्या दारात पॉलिश पेपर घेऊन उभी राहिले. बराच वेळ बसला होता तो. मग ब्रश घासलेटमध्ये बुडवून पुसला आणि डब्यात ठेवून दिला. त्याच्या हातून रंगून नाव न टाकता गेलेली ती पहिली गाडी. नाव सोडायला तयार झाला, पण वाक्य बोलायला नाही झाला.

या गोष्टीला आता आठ पोळे झाले. त्यातले पाच नानांनी पाहिले. दर पोळ्याच्या आदल्या दिवशी ते ट्रॅक्टरचे दोन्ही खांदे चोळायचे, आणि धनसिंगभाऊ हसायचे नाहीत. नाना गेल्यावर आता धनसिंगभाऊच चोळतात, असं ऐकते.

कापसाच्या दिवसांत ती गाडी दोंडाईच्याच्या बाजारात येते, आमच्या शेडवरूनच जाते. लोक धनसिंगभाऊंना विचारतात, रंग कुणाचा? ते काय सांगतात मला ठाऊक नाही. गेल्या वर्षी गाडी भुराच्या टपरीसमोर उभी राहिली होती. तोताराम बाकावरून उठला, मडगार्डच्या मागे जाऊन त्या जागेवर अंगठा फिरवला. मग शेडमध्ये आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, आते टाकी देऊ का नाव? म्हटलं, टपरी उघडी आहे, माणसंही आहेत. जा, बोला, आणि टाका.

तो गेला. बाकावर बसला. चहा मागवला. मी हातातलं घासणं थांबवून दारात उभी राहिले. त्यानं चहा संपवला, कप खाली ठेवला, आणि परत आला.

ती जागा अजून कोरी आहे. नखानं खरवडून बघा पाहिजे तर. रंग निघत नाही.